सहा मिनिटांत एक किलोमीटर

औद्योगिक वसाहतीतील ज्या पोलाद कारखान्याच्या वजनकाट्यावर मी सव्वीस वर्षे बसलो, तो बंद झाल्याचे मला फाटकावर चिकटवलेल्या एका कागदाने कळवले. त्या कागदावर तारीख नव्हती, सही नव्हती, आणि ज्या कलमाचा त्यात आधार घेतला होता त्याचा कारखाना बंद करण्याशी दुरान्वयानेही संबंध नव्हता. हे तिन्ही दोष दाखवणारे पत्र मी व्यवस्थापनाला पाठवले. प्रत कामगार कार्यालयाला. व्यवस्थापनाचे पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा मिरवीत परत आले. कामगार कार्यालयाने पोच दिली. सव्वीस वर्षांत त्या कार्यालयाने मला दिलेली ती एकमेव वस्तू होय.

पत्रे मी आणखीही लिहिली असती. परंतु माझ्या पत्नीच्या हृदयाची एक झडप बदललेली आहे. तिला रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या रोज लागतात, दर महिन्याला रक्ताची तपासणी लागते, आणि हे सर्व कामगार विम्याच्या कार्डावर होत असे. नोकरी गेल्यावर ते कार्ड काही महिने चालते आणि नंतर बंद पडते. ते महिने संपत आले होते. छप्पन्न वर्षांच्या कारकुनाला जालन्यात विमा कार्डासह जी नोकरी मिळू शकते, ती सुरक्षा रक्षकाची. म्हणून मी मस्तगड भागातील एका परवानाधारक सुरक्षा एजन्सीची माडी चढलो.

चढण्यापूर्वी कायदा वाचला होता. रक्षकाला काय शिकवावे, किती तास शिकवावे, त्याची उंची, छाती व दृष्टी किती असावी, हे नियमांत स्वच्छ लिहिलेले आहे. त्याने एक किलोमीटर सहा मिनिटांत धावावे, हेही लिहिलेले आहे. रक्षकाचा पोशाख लष्कराच्या वा पोलिसांच्या पोशाखासारखा नसावा, असेही कायदा बजावतो. माडीवरचा प्रशिक्षक मात्र डोक्यापासून पायांपर्यंत लष्करी ठिपक्यांच्या कापडात होता. सैन्यात तो एक दिवसही नव्हता. पूर्वी शहागडला एका ढाब्यापुढे ट्रक रांगेत लावून घेण्याचे काम तो करीत असे. हे त्याने स्वतःच आम्हाला अनुभव म्हणून सांगितले.

आम्ही सतरा उमेदवार होतो. त्याने प्रत्येकापुढे एक छापील प्रमाणपत्र ठेवले. त्यानुसार आमचे प्रशिक्षण पूर्ण झालेले होते. आम्ही आग विझवणे शिकलो होतो, प्रथमोपचार शिकलो होतो, गर्दी आवरणे शिकलो होतो, आणि धावून उत्तीर्णही झालो होतो. छातीच्या रकान्यात सतराही जणांचा आकडा एकच होता. माझ्या शेजारी भोकरदनच्या बाजारात पोती वाहिलेला एक आडदांड हमाल बसला होता. त्याची आणि माझ्यासारख्या काटकुळ्या माणसाची छाती सेंटिमीटरपर्यंत सारखी भरली होती, आणि त्यासाठी कोणी मापपट्टी शोधण्याचेही कष्ट घेतले नव्हते.

“काका, हितं सही मारा. जल्दी करा, मागं लोकं थांबल्यात,” प्रशिक्षक म्हणाला.

“आधी चाचणी, मग सही. मी अजून धावलेलो नाही.”

“तुम्हाला पळायचं कुठं हाय? फाटकावर खुर्ची टाकून बसायचंय.”

“आणि चोर पळाला तर?”

“पळू द्यायचा. आपल्या बापाचं काय घेऊन चाल्लाय त्यो?”

माडी हसली. मी सही न करता खाली उतरलो आणि त्याच संध्याकाळी नियमांच्या क्रमांकांसह एजन्सीला पत्र लिहिले: प्रशिक्षण प्रत्यक्ष द्यावे, चाचणी प्रत्यक्ष घ्यावी, आणि चाचणीची नोंद उमेदवारास दाखवावी. प्रत, परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांना. या लोकांना कायदा वाचता येत नाही. परंतु खाली डावीकडे ‘प्रत’ हा शब्द दिसला की त्यांना बिलकुल बरोबर वाचता येतो. चौथ्या दिवशी फोन आला.

“या काका. तुमच्या तिन्ही मागण्या मंजूर. लई हौस हाय ना, सगळं बराबर घेऊन राह्यलो आता.”

प्रशिक्षण झाले, त्याला प्रशिक्षण म्हणायचे असेल तर. आग विझवण्याचे नळकांडे आम्हाला लांबून दाखवण्यात आले, कारण त्याची मुदत उलटली होती. प्रथमोपचाराच्या तासाला प्रशिक्षकाने मोबाईलवर एक चित्रफीत लावली आणि स्वतः चहाला गेला. माझ्या पत्रापायी सोळा जणांचे दिवस जात होते, आणि ते मला हे विसरू देत नव्हते. शेवटी मैदानावर धावण्याची चाचणी झाली. सोळाही जण वेळेत पोचले. हमाल तर पोचून, पाणी पिऊन, विडी शोधू लागला होता. मी सर्वांच्या मागून आलो.

प्रशिक्षकाने मोबाईल माझ्या डोळ्यांपुढे धरला. “सात मिनिटं चाळीस. नोंद दाखवली, बघून घ्या. बोला, काय लिहू? नियम तुमचा हाय.”

“काका, चोराला आता पत्रच धाडा,” हमाल म्हणाला.

“जे घडले ते लिहा,” मी सांगितले.

त्याने ‘अपात्र’ लिहिले. त्या एजन्सीच्या दप्तरातील ती बहुधा पहिली खरी नोंद असावी.

घरी मी सर्व हकिगत सांगितली. पत्नी ऐकत होती.

“म्हंजे बाकीचे न पळता पास होऊन राह्यले होते, अन् तुम्ही पळायचं मागून घेऊन नापास झालात?”

“प्रश्न पास-नापासचा नाही, प्रश्न—”

“अहो, तुमच्या नियमात दुसऱ्यांदा पळू नका असं लिवलंय का?”

मी नियम पुन्हा पाहिले. तसे कोठेही लिहिलेले नव्हते.

“मंग पळा की.”

विमा कार्डाचे शेवटचे दिवस चालू होते. फळीवरच्या डब्यात गोळ्यांच्या दोन पट्ट्या उरल्या होत्या, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

फेरचाचणीचा अर्ज दिला आणि रोज सकाळी मी धावू लागलो. ती मैदानाच्या कडेला दगडी पायरीवर माझे मनगटी घड्याळ घेऊन बसे. फिरायला आलेले सेवानिवृत्त लोक थांबून सल्ले देत. त्यांतील एकही सल्ला धावलेल्या माणसाचा नव्हता. सात वीस झाले, सात झाले, सहा चाळीस झाले. सहा चाळीसच्या खाली मी एकाही दिवशी आलो नाही. हे येथे स्पष्ट नोंदवणे आवश्यक आहे.

फेरचाचणीला हमालही आला, नव्या गणवेशात, पाळी संपवून थेट. त्याला कोणी बोलावले नव्हते.

“मीच चोर हाय समजा, काका. धरा मला!” असे म्हणून तो माझ्यापुढे पळू लागला. अख्ख्या अंतरात तो मागे वळून ओरडत होता, “धरा की! आवो, पोतं घेऊन चाल्लो ना मी तुमचं!” मला त्याचा संताप आला, आणि त्या संतापात मी धावलो. शेवटच्या वळणानंतर मला काहीच दिसत नव्हते.

रेघ ओलांडली. प्रशिक्षकाने मोबाईलवर बोट दाबले, पडद्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि मोबाईल खिशात टाकला.

“पाच अठ्ठावन्न. पास.”

हमालाने टाळ्या वाजवल्या. एका सकाळीत माणसाची बेचाळीस सेकंदे कमी होऊ शकतात किंवा कसे, याचे उत्तर त्या ठिपक्यांच्या खिशात होते. नोंद पाहण्याचा मला अधिकार होता. तो मी लेखी मागून मिळवलेला होता. मी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उभा होतो. बोलण्यापुरता श्वास परत आला, तेव्हा मी प्रशिक्षकाला विचारले,

“विम्याचा फॉर्म आजच भरला जाईल का?”

“भरतो, काका,” तो म्हणाला. “आधी खाली बसा.”