पलंगाच्या दोन पट्ट्या

संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. शाहूपुरीतल्या एका तीन मजली लाकडी इमारतीत आम्ही सर्वांत वर राहत होतो. आम्ही म्हणजे मी आणि माझे वडील, अण्णा. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. अण्णा जन्मभर स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होते आणि घसरून खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंगाला खिळले होते. त्यांना जिन्यावरून खाली न्यायचं नाही, नेलंत तर जिवावर बेतेल, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती.

त्यांना पलंग खिडकीशी हवा होता, कारण तिथून मालधक्का दिसे. पण खिडकीजवळच्या खांबाच्या कमरेपासून वरच्या तुळईपर्यंत एक तिरपा टेकू गेला होता आणि पलंगाचे मच्छरदाणीचे उंच दांडे त्याला अडत. ते दांडे कापता आले असते. पण पलंग आईच्या माहेरचा, सागवानी. त्याला करवत लावणं मला पाप वाटे. मालकांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून विचारलंच नाही. एका रविवारी शेजारून करवत आणून मी तो टेकूच कापून काढला आणि त्याचे तुकडे बंबात घातले. इतकं कढत पाणी त्या घरात पुन्हा कधी मिळालं नाही. अण्णा दिवसभर खिडकीतून वॅगनी बघू लागले आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झाले.

भूकंपाचा पहिला धक्का भाद्रपदात, सकाळी, मी भाकरी थापत असताना आला. मांडणीवरची भांडी खणखणली. अख्खी इमारत करकरत एका बाजूला झुकली आणि परत आली. सगळी बिऱ्हाडं ओरडत खाली पळाली. मी पिठाच्या हातांनी अण्णांना धरून बसले. "तू जा खाली," ते म्हणाले. मी त्यांच्यावरच खेकसले, कारण मी विलक्षण घाबरले होते. धक्का थांबल्यावर पाहिलं, तर खिडकीजवळचा खांब आणि भिंत यांच्यात बोट जाईल एवढी फट पडली होती. बाकीचे तिन्ही कोपरे जसेच्या तसे होते. आपण काय करून बसलो ते मला तेव्हा कळलं आणि मी त्या फटीवर लुगडं वाळत घातलं.

दुसऱ्या दिवशी आणखी एक हादरा बसला. दुपारी मालक एका म्हाताऱ्या सुताराला घेऊन आले. इमारतीचा सांगाडा त्याच्या वडलांनी उभा केलेला. तो तळापासून एकेक खांब ठोकत, त्याला कान लावत वर येत होता, आणि मी दारात उभी राहून ते ठोके ऐकत होते. सांगितलं तर मालक खोली रिकामी करायला लावणार, अण्णांना तो उभा जिना उतरवावा लागणार. न सांगावं तर पुढचा धक्का काय करील कोण जाणे, आणि खाली सहा बिऱ्हाडं होती.

सुतारानं आत येऊन सरळ लुगडं बाजूला केलं.

"हितला टेकू कुटं गेला?"

"तिथं काही नव्हतंच," मी म्हणाले.

त्यानं तुळईतल्या रिकाम्या खाचेत बोट घातलं. "मग ही खाच काय उंदरानं पाडली व्हय, बाई?"

मालक माझ्याकडे बघू लागले. तेवढ्यात पलंगावरून अण्णा म्हणाले, "मी कापायला लावला." उभ्या आयुष्यात खोटं न बोललेला माणूस तो. मला ते सोसवेना. "त्यांना काही माहीत नव्हतं," मी म्हणाले. "मीच कापला. बंबात जाळला."

"बंबात!" सुतार मटकन खालीच बसला. मालकांनी आवाज चढवला, "आजच्या आज खोली खाली करा!"

"त्यास्नी खाली नेऊन घर ऱ्हातंय व्हय, मालक?" सुतार म्हणाला. "समदं घर एकदम हललं तर भ्या न्हाय, ते परत जाग्यावर येतंय. एकच कोपरा निराळा हलाय लागला की बाकीच्यास्नी घिऊन बसतंय. टेकू आज बसाय पायजे. पर वखारीतलं लाकूड वलं. आक्रसतंय, खुट्ट्या सैल पडत्यात. जुनं, मुरलेलं सागवान पायजे."

अण्णांनी पलंगाच्या लांब पट्टीवर बोटांनी टकटक केलं. "हे चालेल का बघा," ते म्हणाले.

खालच्या बिऱ्हाडातल्या एकाला बोलावून आम्ही चौघांनी चादरीची चार टोकं धरून त्यांना खाली गादीवर ठेवलं. ते कण्हले नाहीत, पण चादर घामानं भिजली होती. सुतारानं पलंग सोडवला आणि एका पट्टीचा टेकू केला. खांबाकडची खुट्टी ठोकून झाली, तुळईकडची अर्धी आत गेली, आणि धक्का आला. मालक जिन्याकडे धावले. सुतार खांबाला खांदा लावून ठोकतच राहिला. मी अण्णांच्या अंगावर ओणवी झाले. तुळई, खांब, टेकू सगळं एकदम करकरलं, एकदम कललं आणि एकदम परत आलं. फट वाढली नव्हती. सुतार घाम पुसत म्हणाला, "आता धरलं." मला रडू फुटलं.

दुसऱ्या पट्टीच्या त्यानं खुट्ट्या पाडल्या आणि खालच्या मजल्यांवर जिथं सैल होत्या तिथं ठोकल्या. नवा पलंग अण्णांनी घेऊ दिला नाही. गादीवरून त्यांना खिडकीतलं नुसतं आभाळ दिसे, म्हणून शाळेतून आले की मी खिडकीत उभी राहून मालधक्क्यावर काय चाललंय ते त्यांना सांगत असे.

ते गेले त्या सकाळी शेजारी नुकतीच राहायला आलेली बाई धावत आली. घरघर ऐकून ती दारातूनच ओरडली, "अगं, बघत काय बसलीस? त्यास्नी पलंगावरनं खाली घे की!"

"ते दीड वर्ष खालीच आहेत," मी म्हणाले.