ताकदीची सुई

शिवणवालीच्या नवऱ्याला दोनच कामं जमायची, हुकूम सोडणं आणि घोरणं. साथ आली, कारखाना बंद पडला आणि हा दिवटा दिवसभर घरात. ती मशीनवर मास्क शिवायची. साहेब पलंगावर लोळून बातम्या बघायचे आणि कंटाळा आला की मुलींना बाहेर काढून दार लावायचे. कंटाळा तर काय, रोजच यायचा.

दुसऱ्या मुलीच्या वेळी ती मरता मरता वाचली होती. "तिसरं राहिलं तर तू राहणार नाहीस," असं दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरनं तोंडावर सांगितलं होतं. तेव्हापासून ती दर तीन महिन्यांनी मूल न राहण्याची सुई घ्यायची. पण सासूला नातू हवा होता, त्यापायी सून गेली असती तरी चाललं असतं म्हातारीला. म्हणून, सासूला कळू नये यासाठी, सिस्टरनं त्या सुईला नाव दिलं ताकदीची सुई. ती सुई घेणाऱ्या वस्तीतल्या सगळ्या बायका तेच म्हणायच्या. सासू तर चारचौघींत सांगायची, "आमची सून नाजूक हो, ताकदीची सुई लागते तिला!"

साथीत सिस्टरची बदली मोठ्या इस्पितळात झाली. तिच्या जागी आला एक कोवळा डॉक्टर, नखशिखांत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. पेशंटनं श्वास सोडला तरी हा दचकायचा.

"काय पाहिजे?" त्यानं लांबूनच विचारलं.

सासू पाठीशी उभी. म्हणून सून एवढंच म्हणाली, "ताकदीची सुई."

शहाण्यानं मान वर न करता जीवनसत्त्वाची सुई टोचायला लावली. तीन महिन्यांनी पुन्हा तीच. कशासाठी घेता बाई, एवढं विचारलं असतं तर जीभ झडली असती का मेल्याची?

ती निर्धास्त. आधीच्या सुईनं पाळी यायचीच नाही, त्यामुळे आताही आली नाही याचं तिला काही वाटलं नाही. पोट दिसू लागलं तेव्हा नवरा म्हणाला, "बसून खातेस, दुसरं काय!" बसून कोण खात होतं, ते सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. मग एका दुपारी मशीनवर असताना आतून लाथ बसली. शिवण तसंच टाकून ती दवाखान्याकडे धावली, सासू मागोमाग.

"पाचवा महिना," डॉक्टर म्हणाला. "आता काही करता येणार नाही."

"देव पावला गं बाई!" सासू हरखली.

"पण सुई घेतली होती ना मी?" तिनं डॉक्टरला विचारलं.

डॉक्टर उखडला, "तुम्हीच ताकदीची मागितली होती. नीट सांगायला काय झालं होतं?"

तिचं डोकं सणकलं. तिनं मास्क खाली ओढला आणि बाहेरच्या रांगेलाही ऐकू जाईल अशी ओरडली, "मूल राहू नये म्हणून घेत होते मी ती सुई! मला जगायचंय म्हणून!"

सासूचा आ वासलेलाच राहिला. रांगेतल्या एकीनं पोटावर हात ठेवला.

"अगं, मीही ताकदीचीच घेतली की," ती म्हणाली.

तिच्या मागची मटकन खाली बसली.