भरलेली टाकी

काष्टीच्या त्या गल्लीत गॅस सगळ्यांत आधी आला तो राहीबाईच्या घरात. तिने गल्लीभर पेढे वाटले होते. समोरची आक्काबाई पेढा तोंडात टाकत म्हणाली, "आता काय बाई, राही मालकीण झाली. फुंकनी घेऊन आमी हायेतच!" बोलणं हसण्यावारी गेलं, पण राहीबाईच्या मनात कुसळासारखं राहिलं. वर्षभरात आक्काबाईनेही गॅस घेतला, आणि अंगणातली चूल मोडून तिथं तुळस लावली.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत राहीबाईचा नवरा गोरक्षनाथ बारा दिवस कोविड सेंटरमध्ये काढून घरी आला, तो निम्मा होऊन. श्रीगोंद्याच्या रस्त्यावर प्रवासी भरून वडापची जीप हाकणारा माणूस मोरीपर्यंत जायलाही भिंत धरू लागला. जीप दारात ताडपत्रीखाली उभी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तोंडाने ओढायचा पंप दिला. रोज अंडं द्या, म्हणाले, आणि छातीला जपा.

पंप आणि अंडं चुकवायचं नाही, एवढं राहीबाईने ठरवलं. मग बाकीचं घर आटत गेलं. आधी टीव्हीचा रिचार्ज गेला. मग चहातलं दूध. फोडणी थेंबभर तेलावर आली. शेवटी नजर गेली ती टाकीवर. नुकतीच भरून आणलेली. ती संपली की दुसरी येणार नव्हती.

तोडणी झालेल्या उसाच्या रानात पाचट मात्र फुकट होतं. "शेळीखाली टाकायला," असं वाटेत विचारणाऱ्यांना सांगत ती भारा घेऊन आली. अंगणात चूल मांडली तर समोरून दिसणार. म्हणून तिने मागच्या खोलीत तीन विटा ठेवल्या, खिडकीला गोणपाट बांधलं आणि दार ओढून भाकरी थापायला बसली.

कोंडलेला धूर दाराच्या फटीतून पुढच्या खोलीत यायचा. खाटेवर गोरक्षनाथ खोकत राहायचा. ती पाणी घेऊन धावायची. आजारच चिवट आहे, असं स्वतःला सांगायची.

आशाताई रुपाली एक दिवसाआड येऊन त्याच्या बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावायची. आधी चौऱ्याण्णव भरला. मग एक्याण्णव.

"मावशी, घरात धूर कसला?"

"धूप घातला हुता गं. रोगराई जाती म्हनत्यात."

गावात घरोघर तेच चाललं होतं. रुपालीला त्यात नवल वाटलं नाही. "धूपसुद्धा नको त्यांना," एवढं बजावून ती निघाली.

गोरक्षनाथला आजारापासून कसलाच वास येत नव्हता, पण बायकोचे लाल डोळे त्याला दिसत होते. रुपाली गल्लीच्या टोकाला गेल्यावर तो म्हणाला, "राहे, गॅस तरी लाव, न्हाईतर चूल भाईर मांड."

"आन् आक्काबाईला हसायला बलवू?"

"हसंल की. हसून काय भाकरी करपती व्हय?"

"उद्या मांडते."

दुसऱ्या दिवशी ती विटा उचलून दारापर्यंत आलीही. समोर आक्काबाई उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती. राहीबाई विटांसकट मागे फिरली.

रुपाली पुन्हा आली तेव्हा यंत्र चौऱ्याऐंशीवर थांबलं. गोरक्षनाथचे ओठ काळे पडले होते. रुग्णवाहिका गल्लीत शिरली, माणसं दारादारांत आली. स्ट्रेचरमागे धावताना राहीबाई ओरडली, "धूप न्हवता गं रुपाली! चूल हुती! पाचटाची चूल हुती घरात!"

सगळ्या गल्लीने ऐकलं. कुणीही हसलं नाही.

दोन दिवसांनी दवाखान्यातूनच त्याला स्मशानात नेलं.

सुतकात घरात काही शिजत नाही. टाकी कोपऱ्यात तशीच भरलेली उभी. दिवस कलताना आक्काबाई पिठलं-भाकरी घेऊन आली. तोंडाला पदर लावून तिने ताट उंबऱ्यात ठेवलं आणि लांब सरून उभी राहिली.

"दोन घास खा, बाई."

राहीबाईने भाकरीचा तुकडा मोडून तोंडाशी नेला आणि थांबली. भाकरीला पाचटाच्या धुराचा वास येत होता. तिने आक्काबाईकडे पाहिलं. पदराच्या वर दिसणारे डोळे लाल होते. तिच्या मागे, तिच्या घराच्या खिडकीला गोणपाट बांधलेलं होतं.

इतक्या दिवसांत राहीबाईने त्या खिडकीकडे मान वर करून पाहिलंच नव्हतं.