माळ्यावरचं सवणं

मैत्रिणींनो, आपल्या मंडळाची ही फिरती वही आज माझ्याकडे आली आहे, तर आजचंच लिहिते.

सकाळी धरणगावात तुळसाच्या सासरी गेले होते. तुळसा माझी जुनी विद्यार्थिनी. खालचं घर कापसानं भरलेलं, म्हणून तिला बाळंतपणात माळ्यावर ठेवलं होतं. तिचं आठ दिवसांचं बाळ आज पहाटे गेलं.

माळ्यावर पाऊल ठेवताच तिथल्या कोंडलेल्या हवेनं माझं डोकं गरगरलं. कोळशाची शेगडी, लावलेलं दार, आणि छपरातल्या सवण्यात, म्हणजे हवेसाठी ठेवलेल्या भोकात, घट्ट बोळा. ते सवणं गेल्या उन्हाळ्यात मीच पाडायला लावलं होतं. धूर आणि कोंडलेली हवा बाहेर जावी म्हणून तिच्या सासऱ्यांना, नानांना, कागदावर चित्र काढून समजावलं होतं. नानांनी लगेच गवंडी बोलावला. मी खूश होते.

मी बोळा ओढून काढला. जुन्या लुगड्याचा होता. "हे कुणी केलं?" मी ओरडलेच.

"मीच," सासू म्हणाली. "पोर्‍याले वारा लागी जाई म्हनीसन कोंबा. ते भोक कसाले शे, माले कोनी सांगंच नही, बाई."

तुळसा बाळाचं टोपडं हातात धरून बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्या उन्हाळ्यात याच सासूनं मला चहा आणून दिला होता. मी कप घेतला आणि पुन्हा नानांकडे वळले.

बाळंतिणीची खोली कोण सांभाळतं, हे मला ठाऊक नव्हतं का? तुम्ही घरोघर जाता तेव्हा कुणाशी बोलता?