मायचं चुकलेलं उत्तर

माझ्या मायच्या तळहातावर ठेवलेला पावाचा तुकडा मास्तरांनी परत उचलला. भर मंडळीत, प्रार्थनेला जमलेल्या सगळ्या ख्रिस्ती लोकांसमोर. दोन बोटांच्या चिमटीत, नखांनी. तिच्या हाताला बोट लागू दिलं नाही.

"हा तुझ्यासाठी नाही, बाई," ते म्हणाले.

माय हात तसाच पसरून बसून राहिली. तिला वाटलं असेल, काही चुकलं, आता नीट देतील. ताटली पुढच्या माणसाकडे गेली, त्याच्या पुढच्याकडे गेली. मग तिने हात हळूच लुगड्याला पुसला. हातावर काहीच नव्हतं तरी पुसला.

मी दाराशी उभा होतो. मला धावत जाऊन मास्तरांची मनगटं धरावीशी वाटली. मी हललो नाही. कारण हे सगळं माझ्यामुळे झालं होतं.

ही अमरावतीची गोष्ट. कापसाच्या तेजीचे दिवस. सातासमुद्रापलीकडे कुठे तरी लढाई पेटली होती आणि इकडे आमच्या वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला होता. आमचं गाव बार्शीटाकळीकडचं. जातीने आम्ही महार. बाप मेलेला. गावात पाटलाची बोलावणी आणि मेलेली ढोरं, एवढंच आमच्या वाट्याला. अमरावतीच्या बाजारात माणसं कमी पडत आहेत असं कळलं, तसे मी आणि माय गाडीमागे चालत निघालो.

मी एका शेठच्या आवारात पोती भरायचो. पोतं दोरांनी टांगायचं, आपण आत उतरायचं आणि वरून टाकलेला कापूस पायांनी तुडवत तुडवत वर यायचं. नाकातोंडात रुई. माय बाकीच्या बायांबरोबर कापसातला काडीकचरा काढायची. माझी सावली पडली की शेठच्या पाण्याची घागर बाटायची. मी दिवसभर पायांखाली घेतलेला कापूस मात्र बाटत नव्हता. तो विलायतेला जायचा. मला तेव्हा याचं हसू यायचं. आता येत नाही.

त्या बाजारात एक गोरे पाद्रीसाहेब यायचे. रिकाम्या गाडीवर उभं राहून पुस्तकी मराठीत बोलायचे. लोक टिंगल करायचे. एके दिवशी ते सांगत होते, बाया आपली लेकरं घेऊन प्रभूकडे आल्या, शिष्य त्यांना हाकलायला लागले, तेव्हा प्रभू शिष्यांवरच रागावला आणि त्याने लेकरं जवळ घेतली. कचरा काढणारा मायचा हात थांबला. माझ्या आधीची दोन आणि माझ्या नंतरची दोन अशी चार पोरं तिने पुरली होती. ती उठून गाडीपाशी गेली.

"सायेब, मेलेल्या लेकरायले बी घेते का तो?"

साहेब खाली उतरले. म्हणाले, "जो त्याच्याकडे येतो त्याला तो घालवून देत नाही, बाई."

मायला तेवढं पुरलं. पुढच्या वर्षी आम्ही दोघांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या भांड्यातून मास्तरांच्या डोक्यावर पाणी पडलं होतं त्याच भांड्यातलं पाणी मायच्या डोक्यावर पडलं. मास्तर जन्माने ब्राह्मण, पुण्याकडचे, जानवं तोडून प्रभूकडे आलेले, आता मंडळीचे वडील, म्हणजे साहेबांखालचे कारभारी. त्यांनीच मला अक्षरं शिकवली. मी पाटीवर पहिल्यांदा मायचं नाव लिहिलं तेव्हा तिने ती पाटी पदराने झाकून ठेवली होती, पुसली जाऊ नये म्हणून. मी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायला लागलो. साहेबांनी मला पोतं भरायच्या कामावरून काढून महारपुऱ्यातल्या शाळेवर नेमलं. साहेब वाईट नव्हते, हे मी आजही सांगेन. माझ्या हिवतापात ते स्वतः माझ्या उशाशी बसले होते.

पण त्यांच्या मंडळीत एक रीत होती. प्रभूभोजनाच्या आधी साहेब आणि मास्तर एकेकाला आत बोलावून प्रश्न विचारायचे. उत्तरं पटली तर हातावर शिशाचा एक बिल्ला ठेवायचे, चिंचोक्याएवढा. रविवारी तो बिल्ला मेजापाशी द्यायचा, मगच पाव आणि द्राक्षारस. ज्याच्याकडे बिल्ला नाही त्याने मागे बसायचं आणि बघायचं. मागे बसून बघण्याची आम्हाला पिढ्यान् पिढ्यांची सवय होती. तरी इथे ती नकोशी वाटायची.

मला बिल्ला मिळाला. मायची पाळी आली. मी तिच्याबरोबर आत गेलो, साहेबांची पुस्तकी भाषा तिला नीट समजत नसे म्हणून. दोन-तीन प्रश्नांची उत्तरं तिने बरी दिली. मग साहेबांनी विचारलं, "प्रभू कोणासाठी मेला?"

माय म्हणाली, "सगळ्यायसाठी."

साहेबांनी मान हलवली. मास्तरांनी समजावलं. जग होण्याच्या आधीच देवाने आपली माणसं निवडून ठेवली आहेत. प्रभू त्यांच्यासाठी मेला. बाकीच्यांना त्याने तसंच सोडलं. यात माणसाच्या हातात काही नाही. ह्या मताला कॅल्विनपंथ म्हणतात हे मला पुढे कळलं. मायला एवढंच कळलं की तिचं उत्तर चुकलं.

मी महिनाभर तिच्याकडून उत्तर घोकून घेतलं. "मन, माय, निवडलेल्यायसाठी." ती म्हणायची. चुलीपाशी म्हणायची, चालता चालता म्हणायची. आणि साहेबांसमोर बसली की तेच पहिलं उत्तर यायचं.

"सगळ्यायसाठी, सायेब."

तीन वेळा असं झालं. तिसऱ्यांदा बाहेर आल्यावर मी तिच्यावर ओरडलो. "एक शबद बोलाले काय जाते तुयं?"

ती म्हणाली, "मी असं मनलं तं माह्या चार पोरायचं काय व्हते रे? त्यायले कोनं निवडलं?"

मी साहेबांना तेच विचारलं. त्यांनी पुढ्यातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "ते गुप्त आहे. ते विचारणं आपलं काम नाही." बाजारातल्या गाडीपाशी उतरून आलेला माणूस तो हाच का, असं मला वाटलं.

त्या रविवारी मी माझा बिल्ला मायला दिला. आता लोक हसतील. पण आमच्यात एकाच्या वाट्याचं दुसऱ्याने खाल्लं तर त्यात पाप ते काय? घरात एकाला कोणी भाकर दिली तर तो ती घरी आणतो. मला वाटलं, मी जेवलो काय आणि माय जेवली काय, सारखंच. मी मागे राहीन, ती एकदा मेजापाशी बसेल. बिल्ले गोळा करणारा माणूस नवा होता. त्याने तिचा बिल्ला घेतला, ताटली आली, तिने तुकडा घेतला. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी कधीच विसरणार नाही. तेवढ्यात मास्तर पलीकडून आले.

पुढचं सांगितलंच.

नंतर मास्तरांनी मला ओसरीवर उभं केलं. "तू देवाच्या मेजावरून चोरी केलीस. निवडलेल्या माणसाच्या हातून हे घडतं का, याचा विचार कर." मी क्षमा मागितली. होय, मागितली. नोकरी त्यांची, राहायची खोली त्यांची, मला येणारी अक्षरंही त्यांचीच दिलेली. मान खाली घालून मागितली. लाज वाटते ती याची.

माय त्यानंतर प्रार्थनेला आली नाही. कामाला जायची, यायची, बोलायची नाही. पंधरा दिवसांत तिला ताप भरला. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने मला जवळ बोलावलं.

"तुया पुस्तकात पाय बरं, माह्या पोरायचं नाव हाय का."

"तशी नावं नसतात त्यात, माय."

"मंग सायेबाले कसं समजते कोन हाय अन् कोन नाई?"

मी शास्त्र उघडलं. सगळ्या माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे, असं जिथे लिहिलं आहे ते वाचून दाखवलं. बोट ठेवून वाचलं. ती ऐकत राहिली.

"सायेबाजवळ हेच पुस्तक हाय?"

"हेच हाय."

"मंग त्याले हे दिसलं नाई?"

"दिसलं, माय. त्याले बी येते हे वाचता."

"मंग?"

हजार पानांचं पुस्तक मांडीवर घेऊन मी बसलो होतो आणि एका मरणाऱ्या बाईला माझ्याकडे सांगायला एक शब्द नव्हता. 'तू निवडलेली आहेस' एवढं खोटं तरी बोलायचं. ते खोटं नव्हतंच. पण ते म्हणायला जणू मलाच साहेबांची परवानगी लागत होती. गावात पाटलाची लागायची, इथे यांची. ती भिंतीकडे वळली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

बाप्तिस्मा झालेला होता म्हणून मिशनच्या जागेत पुरायला हरकत घेतली नाही. आठ-दहा माणसं होती. साहेबांनी टोपी काढली आणि प्रार्थना सुरू केली. त्यांचा आवाज जड झाला होता, खोटं कशाला बोलू. मग ते म्हणाले, "हे प्रभो, जर ही तुझ्या निवडलेल्यांपैकी असेल, तर..."

जर.

माझी माय खड्ड्यात होती आणि तिच्यावर पहिली पडली ती माती नव्हती, तो 'जर' होता.

"सायेब," मी म्हणालो, "थे जर काढा."

कोणी प्रार्थनेत बोलत नसतं. मास्तरांनी डोळे वटारले. साहेब शांतपणे म्हणाले, "जे मला ठाऊक नाही ते मी देवासमोर कसं बोलू?"

"तुमीच तं बजारात मनलं होतं, जो येते त्याले तो घालवून देत नाई. थे आली होती ना? तुमच्या गाडीपाशी आली होती."

"येणं खरं की खोटं, ते तोच जाणतो. त्याने कोणाला घ्यावं आणि कोणाला सोडावं, ही त्याची मर्जी. तू कोण त्याला उलट विचारणारा?"

हे मी आधी ऐकलं होतं. आमच्या गावच्या चावडीवर, जोड्यांच्या ओळीपलीकडे उभं राहून, बापाच्या मागे लपून. तुम्ही कोण विचारणारे? जन्माआधीच ठरलेलं आहे. मागच्या जन्माचं आहे. कपाळावर लिहिलेलं आहे. जे ऐकू नये म्हणून मी गाव सोडलं, जात सोडली, सटवाई सोडली, म्हसोबा सोडला, तेच इथे गोऱ्या तोंडातून, रडवेल्या आवाजात येत होतं. नावं तेवढी बदलली होती. तिकडे आम्ही मागच्या पापाने खाली, इकडे मागच्या निवडीने बाहेर. दोन्हीकडे आम्हाला विचारण्याची सोय नाही.

मी फावडं घेतलं आणि मीच माती लोटायला लागलो. लोटता लोटता मोठ्याने बोललो, साहेबांची मराठी नाही, माझी. "देवा, माही माय आली हाय. चार लेकरं आधीच आले हायेत. त्यायले पायजो." साहेब टोपी हातात धरून उभे होते. थोड्या वेळाने निघून गेले. मास्तर त्यांच्यामागे गेले. दोन माणसं थांबली आणि त्यांनी हातांनी माती ढकलली.

पुढच्या प्रभूभोजनाच्या आधी मला आत बोलावणं आलं. साहेब म्हणाले, झालं ते दुःखात झालं, आम्ही विसरलो. बिल्ला पुढे सरकवला. मी घेतला नाही.

"माह्या मायनं देल्लं थेच उत्तर माहं बी हाय," मी म्हणालो.

शाळा गेली. खोली गेली. मी पुन्हा कापसाच्या पोत्यात उतरलो. वर बघितलं की तोंडाएवढं आभाळ दिसायचं. लोकांना वाटलं, हा आता परत म्हसोबाला नारळ फोडेल. नाही. प्रभूला मी सोडलं नाही. त्याला आमच्याकडे साहेबांनी आणलं, पण तो साहेबांचा नाही. शाळा सोडताना शास्त्र मी बरोबर घेतलं. ते मी महारपुऱ्यात वाचतो. कोणी येतं, कोणी येत नाही. मंडळीतला एक शिकलेला माणूस मला म्हणाला, तुझं वाचणं चुकीचं आहे, 'सगळे' म्हणजे सगळ्या प्रकारचे थोडे थोडे. मी त्याला म्हटलं, असेल. तू शिकलेला आहेस. पण मग कुणी तरी जेवणाला सगळ्यांना बोलावलं आणि दारात मोजून दोघांना आत घेतलं, तर तू त्याला काय म्हणशील?

मला अजून सगळं कळलेलं नाही. काही ओळी अशा आहेत की त्या साहेबांच्याच बाजूने बोलतात असं वाटतं. त्या आल्या की मी पान उलटतो, आणि परत मागे येऊन वाचतो. कधी वाटतं, साहेबच खरे असतील. खरंच यादी असेल. तिच्यात मी असेन आणि माय नसेल. असं वाटतं तेव्हा मला समजावणारं कोणी नसतं.

पण एक गोष्ट मी ठरवून टाकली आहे. साहेब सांगायचे, देवाने ज्याला निवडलं त्याला नको म्हणताच येत नाही, त्याची कृपा माणसाला ओढून नेतेच नेते. ठीक आहे. अशी यादी असेल आणि तीत माझं नाव असेल, तर मी आजच, जिवंतपणी, शुद्धीवर असताना सांगून ठेवतो. माझी माय जिथे बाहेर उभी असेल तिथे मी उभा राहणार. मी आत येणार नाही. ओढून बघा.