बांगड्यांपुरतं स्पॅनिश

ऑफिसात बढती मिळेल या आशेने ऐंशी सालच्या सुमारास मी मुंबईत आठवड्याला एक तास स्पॅनिश शिकायला जात असे. "आता केळीला पाणी स्पॅनिशमध्ये घालणार वाटतं!" असं आमच्या वसईच्या वाडीत सगळे चिडवत. म्हणून अर्नाळ्याहून सुके बोंबील घेऊन येणाऱ्या मावशीने एक दिवस स्पॅनिश पत्र पुढे केलं, तेव्हा मी ते फुशारकीने हातात घेतलं.

मावशीचा नवरा परदेशी जहाजावर खलाशी होता. एका बंदरात तो आजारी पडला, आणि तिथल्या दवाखान्यातल्या ननने चार ओळी लिहिल्या होत्या. मी अर्थ लावून सांगितला: "माझी बदली झाली तेव्हा त्याला ताप होता, तो तुमची आठवण काढत होता."

"व्हता? मंग आता?" मावशीने विचारलं. "नारली पुनव आली. कासार येल घरी. बांगड्या भरू का नको, तेवडं सांग."

मी अडले. पुस्तकात भूतकाळाची दोन रूपं होती आणि ननने नेमकं मला न कळलेलं वापरलं होतं. ताप उतरला, की माणूसच गेला? तक्ते घोकून डोकं उठलं. ननचाही राग आला. बाई, एक ओळ जास्त लिहिली असतीस तर शाई संपली असती का? इकडे मावशी रोज सकाळी टोपली उतरवून माझ्या तोंडाकडे बघत बसायची.

शेवटी वर्गात सरांना पत्र दाखवलं.

"ह्या रूपात शेवट कळत नाही," ते म्हणाले. "ती निघाली तेव्हा काय चाललं होतं, तेवढंच."

"पण पुढे काय झालं?"

"ते व्याकरणात कसं सापडेल?"

पुस्तक तिथेच फाडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मावशीला सगळं सांगताना मी रडकुंडीला आले होते.

"गेला, असं लिवलंय का?"

"नाही."

"बरा झाला?"

"तेही नाही."

मावशीने पदराने तोंड पुसलं. "तो दर्यावर गेला का मला पुडचं कदी कोन सांगतं?"

पुनवेनंतर ती आली तेव्हा दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरलेले होते. टोपली खाली ठेवून तिने माझ्यापुढे कोरा कागद सरकवला.

"त्या दवाखान्यात लिव, बांगड्या भरल्यात म्हनावं. आन नीट लिव. त्या बाईसारकं अर्दवट नको."