बाहेरच्यायले दुप्पट भाडं

आमच्या पाऱ्यात, म्हणजे रायपूरच्या गुढियारीत रेल्वेकडच्या वस्तीत, बायकायचं एक मंडळ आहे. दरवर्षी एप्रिलच्या शेवटी हॉल घेऊन दोन दिवस विक्री लावते. तिथं बाहेरगावच्या बाईले स्टॉलचं दुप्पट भाडं पडते. हा नियम कोणी काढला असं विचारलं की सगळ्या एकमेकींकडे पाहतात. कोणी म्हणते शंकर नगरच्या साहेबिणींनी काढला, कोणी म्हणते पहिल्यापासूनच होता. साफ खोटं. तो मी काढला. दहावी पास, कुरडया विकणाऱ्या बाईनं, भर सभेत हात वर करून काढला. अन् पुढे तो मोडायले उभी राहिली तीबी मीच. पहिल्या वेळी सगळ्यांनी माना डोलवल्या, दुसऱ्या वेळी मले येड्यात काढलं, म्हणून हे लिहून ठेवून राहिली आहे.

माझे सासरे वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीत इथं आले अन् इथलेच झाले. आमचे हे एका रोलिंग मिलच्या ऑफिसात होते. मी घरात. मग राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, अन् पाहता पाहता गाव माणसांनी भरलं. कचेऱ्या आल्या, बँकांचे मोठे साहेब आले, नागपूर-पुण्याकडची मराठी घरं शंकर नगरात अन् नंतर तेलीबांध्याच्या नव्या बिल्डिंगांत राहायले आली. त्या बायकायले कुरडई पाहिजे होती अन् वाळवायले गच्ची नव्हती. माझ्याकडे गच्ची होती अन् इथलं ऊन तर असं की सकाळी घातलेली कुरडई संध्याकाळी वाजते. दोन-तीन उन्हाळ्यांत मी कुरडईवाली काकू झाले. त्याआधी मी कोणाची सून होते, कोणाची बायको होते. माझं स्वतःचं असं हे पहिलंच नाव होतं, अन् ते मले फार आवडत होतं.

कुरडई म्हणजे काय सोपं काम नाही. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं. वास येते, घरातले नाक मुरडतात, मुरडू द्यायचं. मग वाटून चीक काढायचा, गाळायचा, बसू द्यायचा, वरचं पाणी टाकायचं अन् आधणात घाटायचा. घाटताना दंड भरून येते. अन् तो चीक गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा, गार झाला की संपलं. माझ्या हाताले सोऱ्याचे घट्टे आहेत, आजबी आहेत.

अन् एका वर्षी मंडळाच्या विक्रीत नागपूरची एक बाई आली. टेम्पो भरून माल. मशीनवर पाडलेल्या कुरडया, एकसारख्या, पांढऱ्याशुभ्र, भाव माझ्याहून कितीतरी कमी. दुपारपर्यंत तिचा टेबल रिकामा झाला अन् ती आरामात ताक पीत बसली. माझे डबे तसेच. ते डबे रिक्षात घालून घरी आणताना मले रडू आलं, अन् रडू आलं याचाच जास्त राग आला.

घरी आले तर हे जेवायले बसले होते अन् मिलीतलं सांगून राहिले होते. बाहेरदेशातलं लोखंड स्वस्तात येऊन राहिलं, मालक लोक दिल्लीले गेले, त्याच्यावर आयातीची ड्यूटी वाढवा म्हणून अर्ज दिला.

"मग ते महाग नाही होणार काय?" मी विचारलं.

"होईल न. व्हायलेच पाहिजे. नाहीतर आमची मिल बंद."

झालं, माझ्या डोक्यात बत्ती पेटली. म्हटलं, मोठमोठे शेठ दिल्लीले जाऊन हेच मागतात तर मी मंडळाच्या सभेत मागितलं म्हणून काय बिघडलं? पुढच्या सभेत उभी राहिले अन् म्हणाले, बाहेरगावच्या बाईकडून दुप्पट भाडं घ्या. सगळ्यांनी माना डोलवल्या. सगळ्यांच्याच पोटात तो रिकामा टेबल दुखून राहिला होता.

एकट्या एका मॅडमनी हात वर केला. पुण्याकडून नव्यानं आलेल्या, तेलीबांध्याले राहायच्या, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायच्या. मोठ्या शांतपणे बोलल्या, "तत्त्व म्हणून हे चुकीचं आहे, काकू. बाजार मोकळा आहे म्हणायचं आणि दारात बाहेरच्यांकडून जास्त पैसे घ्यायचे, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. कोणाचा माल चांगला ते गिऱ्हाइकाला ठरवू द्या."

मी म्हटलं, "मॅडम, तुमचं तत्त्व बरोबर असेल. पण तिच्याकडे मशीन आहे अन् माझ्याकडे दोन हात. हे कोणत्या मोकळ्या बाजारात बसते ते सांगा. मले दोन वर्षं द्या. मीबी मशीन घेते. मग काढून टाकू नियम."

मॅडमनी हात खाली घेतला. बाया हसल्या. नियम पास झाला अन् मी छाती काढून घरी आले.

पहिल्या वर्षी त्याचा फायदा झाला, हे मी नाकारणार नाही. नागपूरच्या बाईनं भाडं भरलं, ते मालावर चढवलं, अन् तिचा-माझा भाव जवळ आला. माझे डबे विकले गेले. त्या वर्षी तो नियम नसता तर मी सोऱ्या माळ्यावर टाकून दिला असता. मोकळ्या बाजाराचं गुणगान करणाऱ्यांनी हेबी ऐकून घ्यावं. बुडणाऱ्याले हात द्यायचा की नाही हे पुस्तकात पाहून ठरवत नसतात.

पण मी काय केलं ते ऐका. तिसऱ्या वर्षी नागपूरची बाई आलीच नाही. आता हॉलमध्ये कुरडईचा टेबल एकच, माझा. दोन वर्षं झाली, चार झाली, मशीन काही आली नाही. कायले आणू? माल तर जाऊन राहिला होता. गहू तीन दिवसांऐवजी दोनच दिवस भिजू लागला. मग चीक कमी पडते म्हणून त्यात मूठभर मैदा पडला. मग दोन मुठी. हे मी कोणाले सांगितलं नव्हतं, घरी आमच्या यायलेबी नाही. अन् भाव? भाव मी दरवर्षी थोडा वाढवतच होते. कोण विचारणार होतं?

रेल्वे क्वार्टरातल्या एक आजी होत्या. सासूबाईंच्या ओळखीच्या, पहिल्या वर्षापासून माझ्याकडूनच घ्यायच्या. पावसाळ्यात एक दिवस त्या डबा घेऊन माझ्या घरी आल्या. सरळ स्वयंपाकघरात आल्या अन् म्हणाल्या, "कढई ठेव वो जरा." मी तेल तापवलं. त्यांनी आपल्या हातानं एक कुरडई सोडली.

फुललीच नाही. कडेनं जराशी हलली, लाल झाली अन् तळाशी जाऊन बसली. त्यांनी झाऱ्यानं काढून माझ्यासमोर ठेवली. दातानं तोडून पाहिली तर खडा.

"तीन वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "फुलून नाही राहिली."

"मग घेता काहून?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"दुसरी कोणी येतच नाही न आता."

त्यांनी ते रागानं म्हटलं असतं तर मी भांडले असते. मले भांडता येते. पण त्यांनी ते साधं सांगितलं, दूध नासलं सांगावं तसं. त्या गेल्यावर मी ओट्याशी उभी राहिले अन् माझी मलेच शिसारी आली. ज्या नावासाठी मी एवढा तमाशा केला, ते नाव मीच मैद्यात कालवलं होतं. नागपूरच्या बाईनं माझं काही नेलं नव्हतं.

आमच्या यायले सांगितलं की मी नियम काढून टाकायले सांगणार आहे, तर हे एकदम उखडले. त्यांना वाटलं मी मिलीवर बोलून राहिली आहे. अन् खरं सांगायचं तर बोलूनच राहिली होते.

"तुमच्या मालकांनी त्या ड्यूटीतून काय केलं? नवी भट्टी आणली?"

"नाही आणली," हे म्हणाले. "पण माणसं काढली नाही. आमच्या फाटकावर सकाळी जेवढे मजूर जेवणाचे डबे घेऊन येत होते तेवढेच आजबी येतात. तुले कुरडई दिसून राहिली. मले ते डबे दिसतात."

हे बोलणं माझ्या काळजाले लागलं. दोन दिवस विचार केला अन् तिसऱ्या दिवशी उत्तर दिलं. म्हटलं, "तुमची ड्यूटी काय अन् माझं दुप्पट भाडं काय, बाहेरच्याले अडवायची भिंत आहे. त्या माणसांसाठी असेल तर तसं लिहा. किती वर्षं तेबी लिहा. त्यांची मजुरी वाढली की शेठचा बंगला वाढला तेबी दाखवा. अन् तिले भिंतच म्हणा. भिंत बांधायची अन् वर पाटी लावायची मोकळ्या बाजाराची, हे नाही चालत. अन् माझ्याकडे कोणती माणसं आहेत? माझ्या भिंतीमागे मी एकटी बसली आहे, मैदा घेऊन."

मैद्याचं तेव्हा कळलं यायले. त्यानंतर त्यांनी वाद घातला नाही.

सभेत मी सगळं सांगितलं. मैदासुद्धा सांगितला. सांगताना कान गरम झाले, पण सांगितला. म्हटलं, मी दोन वर्षं मागितली होती, तुम्ही मले सात दिली, आता नियम काढून टाका. वाटलं होतं की बाया शाबासकी देतील. कसलं काय. मसालेवाली म्हणाली, तुझी कुरडई बिघडली म्हणून आम्ही काहून मरायचं? पापडवाली म्हणाली, बाहेरच्या आल्या की आमचं काय? तेच शब्द, माझेच शब्द, फक्त तोंडं दुसरी. मी त्यांना दोष तरी कोणत्या तोंडानं देऊ?

मी मॅडमकडे पाहिलं. निदान त्या तरी. पण तोवर मॅडमच्या नणंदेनं साड्यांचा स्टॉल लावायले सुरुवात केली होती, अगदी दाराजवळचा. मॅडम म्हणाल्या, "तत्त्व म्हणून तुमचं बरोबर आहे, काकू. पण व्यवहार पाहावा लागतो." मले हसू आलं. मोठ्यानं हसले मी, एवढी की अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढून पाहिलं.

हात वर करायले सांगितलं. नियम काढून टाका म्हणणारा हात एकच होता, माझा.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मग माझं नाव बाहेरच्या बायकांत लिहा. मी दुप्पट भरते. अन् माझ्या टेबलावर अर्धी जागा मी कोणालेबी देईन, ते माझ्या खुशीवर."

"तू बाहेरची कशी? इथंच राहते न!"

"इथं राहते. पण या भिंतीच्या आत नाही बसत."

घरी माझी पोट्टी म्हणाली, "मम्मी, पहले दीवार खुद खड़ी की, अब खुद ही उसमें सिर मार रही हो." म्हटलं, हव, आपटून राहिली. माझी भिंत, माझं डोकं, तुले काय करायचं आहे?

नागपूरच्या बाईचा नंबर एकीच्या वहीत सापडला. मी फोन केला अन् आधी कबूल केलं की तो नियम माझा होता. ती म्हणाली, "मले माहीत होतं, ताई. माझा टेबल रिकामा झाला त्या दिवशी तुमचं तोंड पाहिलं होतं मी." तरी माझ्या अर्ध्या टेबलावर यायले तयार झाली.

त्या उन्हाळ्यात मी गहू पुरे तीन दिवस भिजवला. मैद्याचा डबा शेजारणीले देऊन टाकला. घाटताना दंड असा भरून आला की बाम लावून झोपले. मशीन घेतली नाही, कारण मले कळलं होतं की माझी खोट मशीनची नव्हती. विक्रीच्या दिवशी आमचा एकच टेबल, अर्धा तिचा, अर्धा माझा. मध्ये शेगडी. जो येईल त्याले दोन्ही कुरडया तळून द्यायच्या, फुकट, अन् काही बोलायचं नाही. हे माझंच डोकं. तिची फुलायची पांढरी, हलकी. माझी फुलायची पिवळसर, जराशी जाड, पण फुलायची. कढईत ती उमलली तेव्हा मी सगळ्यांसमोर पदरानं डोळे पुसले, धूर गेला म्हणून सांगितलं.

दुपारी रेल्वे क्वार्टरातल्या आजी आल्या. त्यांच्यासाठी मी स्वतः तळली. आधी माझी खाल्ली, हळूहळू. मग तिची खाल्ली. मग पुन्हा माझा एक तुकडा तोंडात टाकला. मी कढईकडे पाहत उभी. एवढी भीती मले माझ्या लग्नातबी वाटली नव्हती. या एका बाईनं माझा डबा घेतला तर मी पुन्हा कुरडईवाली काकू, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"तुझी सुधारली वो," त्या म्हणाल्या. "पण यंदा मी हिचीच घेते."

नागपूरच्या बाईनं माझ्याकडे पाहिलं. तिले वाटलं असेल की मी आता काहीतरी बोलते. पण पाच वर्षांत पहिल्यांदा या बाईले निवडायले काहीतरी होतं, अन् तिनं निवडलं होतं. मी टेबलाखालून पिशवी काढली, तिच्या कुरडया माझ्या हातानं भरल्या, तुटू नये म्हणून वर कागद ठेवला अन् पिशवी आजीच्या हातात दिली.

"पुढच्या वर्षी दोन्ही खाऊनच ठरवा," मी म्हटलं.

"ठरवीनच," आजी म्हणाल्या.